रंगाखालचा खांब

रंगाऱ्याच्या घरात ओरखडा म्हणून सापडायचा नाही. याच्याकडे माशीसुद्धा पाय पुसून बसते, असं शेजारी म्हणायचे. अशा माणसाने घरात वाळवी आहे हे कबूल करायचं म्हणजे नाक कापल्यासारखंच. पण माहेरी राहायला आलेल्या मुलीने तीनदा टोकलं, "बाबा, माळ्यावर रोज किड्यांचे पंख पडतायत, कुणाला तरी बोलवा." तेव्हा कुठे वाळवीचं औषध मारणारा त्या सकाळी घरात आला.

"काही नाही हो, पोरीच्या मनाचं समाधान," रंगाऱ्याने दारातच सांगून टाकलं.

औषधवाला माळ्याखालच्या मधल्या खांबापाशी गेला. खांब पांढराशुभ्र, हात फिरवावा असा गुळगुळीत. त्याने स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकली. आवाज रिकाम्या डब्याचा आला. मग टोक टेकवलं, तर जोर न लावताच ते मुठीपर्यंत आत गेलं. भोकातून भुरभुर माती सांडली आणि मातीत पांढरे किडे वळवळू लागले.

"काका, यात लाकूड कुठंय? नुसता तुमचा रंगच उभा आहे." मग त्याने छताकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वर कोण आहे?"

वर मुलगी होती आणि तिची आठ महिन्यांची चिमी.

मुलीच्या लग्नाला आठ दिवस राहिले असताना याच खांबावर मातीची बोटभर रेघ त्याने पाहिली होती. ती खरवडली, भोकांत लांबीचा लगदा भरला, पॉलिश पेपर मारला आणि वर रंगाचे दोन हात दिले. पुढे तीन वर्षं, रेघ दिसली की तेच. डाग दिसला की झाकायचा, आयुष्यभर दुसरं केलं काय त्याने!

"जिना नको," औषधवाला कुजबुजला. "तोही या खांबावरच्या तुळईवरच टेकलाय. भिंतीला धरून खिडकीशी यायला सांगा. मधे पाय नको."

रंगाऱ्याने वर हाक मारली. "अगं, चिमीला घे आणि भिंतीला चिकटून खिडकीशी ये. हळू. का ते विचारू नकोस."

बाहेर त्याने शिडी लावली. चार मजली इमारती रंगवलेला माणूस, पण आज दहा पायऱ्या चढताना प्रत्येक पायरी दोन्ही हातांनी घट्ट धरत होता. खिडकीत मुलीचा चेहरा पांढराफटक दिसला. तिच्यामागे फळ्या करकरत होत्या. त्याने चिमीला छातीशी धरलं, खाली उतरून औषधवाल्याच्या हातात दिलं आणि जीव मुठीत धरून पुन्हा वर गेला. मुलीचा पाय शिडीवर येईपर्यंत त्याने तिचं मनगट सोडलं नाही.

ती जमिनीवर टेकते न टेकते तोच आत मोठा आवाज झाला. खिडकीतून धूळ बाहेर आली. ज्या पलंगावर दोघी निजायच्या, तो माळ्यातून खाली येऊन उलटा पडला होता.

रंगाऱ्याने चिमीला औषधवाल्याच्या हातातून घेतलं. ती भोकाड पसरून रडत होती. मुलगी त्याच्या खांद्याला बिलगली. "तुम्ही होतात म्हणून वाचलो, बाबा. तुम्हाला कळलं तरी कसं?"

औषधवाला आपल्या बुटांकडे बघत राहिला. खांबावरचे रंगाचे थर पाहून त्याला काय ते कळलं होतं, पण तो बोलणारा नव्हता. गप्प बसलं असतं तर झाकलं गेलं असतं. रंगाऱ्याला त्या क्षणी या झाकण्याचीच पडलेल्या माळ्याहूनही जास्त भीती वाटली.

"तुझ्या लग्नाच्या वेळीच दिसली होती मला वाळवी," तो म्हणाला. "मीच रंग मारला. दर वर्षी मारला."

मुलगी त्याच्या खांद्यावरून बाजूला झाली. मग तिने दोन्ही हात पुढे केले.

"तिला द्या इकडे."

त्याने दिलं.