चौथं वाक्य

"पुन्हा," नवरीचे वडील म्हणाले, आणि लग्न आखून देणाऱ्या बाईने मोबाईलवरचं घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं.

तिच्या छोट्याशा ऑफिसात ते ताठ बसले होते. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून उजवा हात निकामी आणि जीभ जड. एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा ओढून काढावा लागे. डाव्या हाताने वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेली चार वाक्यं होती. पहिल्यात पाहुण्यांचं स्वागत, दुसऱ्यात व्याह्यांचे आभार, तिसऱ्यात राबलेल्या सगळ्यांचे आभार. चौथं मुलीसाठी होतं. 'तुझ्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला मी आलो नाही, ते मला ठाऊक आहे.'

साडेसहा मिनिटं. पाच वेळा वाचून झालं तरी तेवढीच.

लग्नं आखून देणं हा तिचा पंधरा वर्षांचा धंदा. लोक तिला मिनिटवाली म्हणत, आणि ती ते कौतुक समजे. दिवसाचा प्रत्येक क्षण तिच्या कागदावर बांधलेला असायचा. पण एक गोष्ट तिने कधी कुणाला सांगितली नव्हती: त्या कागदात ती खोट्या नावांनी मिनिटं लपवून ठेवी. 'फुलं नीट करणे, तीन. माईक तपासणे, चार.' फुलं नीटच असत, माईकही चालत असे. या लग्नातली ती सातही मिनिटं तिने म्हाताऱ्याच्या नावावर करून टाकली.

"काका, चौथं आधी घ्या ना," तिने सुचवलं.

त्यांनी मान हलवली. उभा जन्म बस डेपोत गाड्यांच्या वेळा लावण्यात गेलेला, नाकासमोर चालणारा माणूस. पहिली गाडी सुटल्याशिवाय दुसरी सोडायची नाही. "आ...धी पाहुणे," ते म्हणाले.

त्यांच्या मुलाचं, म्हणजे नवरीच्या भावाचं, म्हणणं वेगळंच होतं. त्याला सगळं व्हिडिओत झकास दिसायला हवं होतं. पाच चाळीसला उन्हं कलतात, तेव्हा नवरा-नवरी बागेत हवीत म्हणजे हवीत. बाबांनी नुसतं उभं राहून हात हलवावा, उगाच सगळ्यांना अवघडल्यासारखं नको, असं त्याने बजावलं होतं. ती म्हणाली होती, बघते. तिच्या धंद्यात या शब्दाने कुणाचंच मन मोडत नाही.

लग्नाच्या दिवशी सगळं लोण्यासारखं चाललं होतं. मग ऐन वेळी नवरीच्या पोशाखाची चेन अडकली आणि चार मिनिटं तिथेच गेली. उरली तीन. मुलाला सरळ जाऊन सांगायचं, की बागेतलं पाच मिनिटं पुढे ढकलू. नाही सांगितलं तिने. मूग गिळून बसली आणि मनात म्हणत राहिली, आज बोलतील भराभर. देव जाणे कशाच्या जोरावर.

म्हातारे उठले. पहिलं वाक्य झालं. दुसरं झालं. कॅमेऱ्याशेजारी उभा राहून मुलगा मनगटावर बोट आपटत होता. तिसरं झालं आणि ते थांबले, श्वास घेतला, मुलीकडे पाहिलं.

हे थांबणं तिच्या ओळखीचं होतं. ऑफिसात पाच वेळा ऐकलेलं. पण घड्याळात पाच चाळीस झाले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तिचा हात वर गेला. हात वर म्हणजे गाणं सुरू. टाळ्या पडल्या, नवरीला लगबगीने बागेत नेलं. म्हातारे उभेच होते. त्यांचे ओठ जरा वेळ हलले, मग त्यांनी कागदाची घडी घातली.

ती पाण्याचा ग्लास घेऊन गेली. त्यांनीच विचारलं, "वे...ळेत झालं?"

"हो काका."

त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्हिडिओ झकास झाला. ऊन तर असं आलं होतं, की ते बघून तीन नवी लग्नघरं तिच्याकडे आली. महिन्याभराने नवरीचा फोन आला. गाणं सुरू झाल्यावरही बाबांचे ओठ हलताना दिसतात, ते काय म्हणत होते? त्यांना विचारलं तर नुसता हात हलवतात. त्या दिवसापासून ते बोलायचेच बंद झालेत, पाटीवर लिहून देतात.

"शेवटचं वाक्य राहिलं त्यांचं," ती म्हणाली. "माझ्यामुळे राहिलं. मी हात वर केला."

"काय होतं?"

"ते मी सांगायचं नाही. उद्या बाबांच्या घरी थांबा, मी येते."

दुसऱ्या दिवशी ती गेली. मुलीला तिने वडिलांच्या समोरच्या खुर्चीत बसवलं, स्वतः दाराशी उभी राहिली. "काका, माझं चुकलं," ती म्हणाली. "चौथं राहिलंय."

म्हाताऱ्यांनी सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिने पुढे होऊन ते खिळ्यावरून उतरवलं आणि पलंगावर पालथं ठेवलं.

मग त्यांनी खिशातून कागद काढून उलगडला, पाठ ताठ केली, आणि खोलीतल्या त्या दोघींकडे पाहत पहिल्यापासून सुरुवात केली.

"स...र्व पाहुण्यांचं..."

मुलगी हात जुळवून बसली होती. या वेळी त्यांना कुणीच थांबवलं नाही.