कोठीवरच्या संतरामला दिलेला जबाब

शिवशंकर हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवरून उताणा पडला, आणि उठून बसला तेव्हा त्याचं घर फिरत होतं.

आमच्या औंढा तालुक्यात घर फिरलं म्हणून कुणी फारसं घाबरत नाही. जिथं भजनासाठी अख्खं दगडी देऊळ फिरल्याचं सांगतात, तिथं पत्र्याच्या घराची काय कथा! पण देऊळ एकदा फिरलं आणि थांबलं. शिवशंकरचं घर थांबेना. कूस बदलली की आढं फिरे, मागून हाक मारली की अंगण फिरे. नांदेडला डोक्याचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. "मेंदूला हादरा बसलाय, होईल कमी," डॉक्टर म्हणाले. अडीच महिने झाले तरी होईना. चाळिशीतला गडी भिंत धरून परसाकडं जाऊ लागला, वासरानं बघावं तसा ट्रॅक्टरकडं लांबून बघू लागला. बायकांनी भानामतीचं नाव घेतलं. त्याच्या बायकोनं, आशाबाईनं, लिंबं उतरवून टाकली. लिंबं सुकली, चक्कर तशीच.

मग कुणीतरी हिंगोलीच्या केतकी मॅडमचं नाव सांगितलं. फिजिओथेरपीवाली. वयानं माझ्या नातीएवढी. शिवशंकर, आशाबाई आणि मी, असे तिघं गेलो. शिवशंकरचा बाप संतराम माझा जिवाभावाचा दोस्त होता, म्हणून पोराच्या दुखण्यात माझा हक्क होता.

मॅडमनं त्याला डोळे मिटून जागच्या जागी पन्नास पावलं टाकायला लावली. सुरुवातीला गड्याचं तोंड दाराकडं होतं. डोळे उघडले तेव्हा नाक डावीकडच्या भिंतीला लागायला आलं होतं.

"बघा," ती म्हणाली. "तुम्हाला वाटतंय तुम्ही सरळच आहात. डावा कान खोटं सांगतोय."

"कान ऐकतो म्हणं. सांगतो बी व्हय?" आशाबाईनं विचारलं.

"गवंड्याची पाण्याची नळी बघितलीय ना, लेव्हल धरायची? तशा बारीक नळ्या कानाच्या आत असतात. हादऱ्यानं त्यांची गडबड झालीय. कान म्हणतो घर फिरतंय, डोळा म्हणतो नाही. दोघांचं भांडण मिटवायचं, एवढाच उपचार."

तिनं एक पुठ्ठा दिला. त्यावर काळं, ठसठशीत एकच अक्षर, 'ग'. तो कोऱ्या भिंतीवर डोळ्यांच्या रेषेत लावायचा. हातभर लांब उभं राहायचं. नजर अक्षरावर रोवून मान आडवी हलवायची, आपण 'नाही नाही' म्हणतो तशी. एक मिनिटभर, दिवसातून तीन वेळा. थोडी चक्कर येणारच, तिला भिऊन थांबायचं नाही. "आणि मागं कुणीतरी उभं राहा. तोल गेला तर धरायला."

"मी राहीन," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. "आजोबा, तुमचं हे कधीपासून आहे?"

"संतराम मेल्यापासून," मी सांगितलं. "तीन वर्षं झाली. रिकामपणच रिकामपण."

ती काही बोलणार होती, तेवढ्यात पुढचा पेशंट आला.

आता चूक कुठं झाली ते सांगतो. आशाबाईच्या घराला गेल्या दिवाळीत ऑईलपेंट मारला होता. पिस्ता रंग, अख्ख्या शिरड शहापुरात तसला रंग नाही. त्याच्यावर चिकटपट्टी लावली तर पोपडा निघणार! रंगकामाच्या वेळी संतरामचा फोटो भिंतीवरून उतरवून धान्याच्या कोठीवर टेकवून ठेवला होता, तो तिथंच राहिला होता. चांगला खिडकीएवढा फोटो, फेटा बांधलेला, काचेतला. कोठीवर तो शिवशंकरच्या बराबर डोळ्यांच्या रेषेत येत होता. काचेवर चिकटवलं की काढायला सोपं. तिनं पुठ्ठा सासऱ्याच्या छातीवर लावला. तोंड झाकलं नाही, तेवढी अदब पाळली.

संतरामची एक खोड अख्ख्या आळीला ठाऊक होती. पहाटे शेतात निघताना तो आधी पोराच्या खोलीच्या दाराशी खाकरे आणि विचारे, "येतोस का?" शिवशंकर गोधडीतूनच म्हणे, "न्हाई." मग तो माझ्या दाराशी येऊन खाकरे. "नरसिंगा, येतोस का?" मी म्हणे, "तू हो पुढं, आलोच." आणि भिंतीकडं तोंड करून झोपे. वीस वर्षांत मी एकदाही गेलो नाही. तीन वर्षांमागं अशाच एका पहाटे तो पुढं झाला आणि हळदीच्या वाफ्यातच बसल्या जागी आटोपला.

शिवशंकरची कसरत सुरू झाली. तो कोठीपुढं उभा, मी त्याच्या मागं दोन्ही हात पसरून, भिंत कोसळायची वाट बघत असल्यासारखा. पहिल्या दिवशी बारा वेळा मान हलली आणि त्याला उलटी झाली. आठवड्यानं तीस. पंधरवड्यात तो पूर्ण मिनिट उभा राहू लागला.

"मामंजीला दिसातून तीनदा न्हाई म्हणून राहिले हे," आशाबाई चुलीपुढून हसून म्हणाली. "जित्तेपणी एकदाच म्हणत होते."

आम्हीही हसलो. विसाव्या दिवशी मात्र शिवशंकर मान हलवता हलवता मध्येच बोलला. आवाज वैतागलेला.

"सांगितलं न एकदा न्हाई म्हणून. काहून सारखं सारखं विचारून राहिला, बा?"

आशाबाईच्या हातातली परात खाली आली. शिवशंकरला विचारलं, तर आपण बोललो हेच त्याला ठाऊक नव्हतं.

तिनं त्याच दिवशी रंगाची पर्वा सोडून पुठ्ठा पिस्ता भिंतीवर लावला. शिवशंकर उभा राहिला, चार वेळा मान हलवली, आणि अक्षर पळायला लागलं म्हणत माझ्या अंगावर कोसळला. दुसऱ्या दिवशी तेच. पुठ्ठा परत फोटोवर गेला, तेव्हा अक्षर गुमान उभं राहिलं. पन्नास पावलांची गत तीच. डोळे मिटून चारी दिशांना तोंड करून उभं केलं, तरी डोळे उघडताना गडी कोठीपुढंच. मॅडमला फोन लावला.

"खोलीत आवाज करणारं काही असेल तर माणूस तिकडं वळतो," ती म्हणाली. "घड्याळ आहे का कोठीजवळ?"

घड्याळ होतं. त्याचा सेल संपून दोन महिने झाले होते.

महिन्यानं हिंगोलीला गेलो. शिवशंकर एसटीतून स्वतःच्या पायांनी उतरला. केतकी मॅडम खूश झाली. "छान. आता दुसरी कसरत. तेच अक्षर, पण मान उभी हलवायची. 'हो हो' म्हणतो तशी."

आशाबाईच्या तोंडावरचा रंग गेला. येताना एसटी औंढ्याला आली. तशी ती माझ्याकडं वळली.

"काका, ह्यायनं हो म्हणलं तर मामंजी घेऊन जातील ह्यायला."

"मग मॅडमला सांग, हे न्हाई करत."

"अन् ह्यायनं जलमभर भिंत धरून चालावं?"

अशा वेळी डोकं माझंच चालतं. "आशाबाई," मी म्हणालो, "जबाब बदलता येत नसंल तर सवाल बदल. शिवशंकर मान हलवायच्या आधी तूच मोठ्यानं विचार. आडव्या मानेला विचार, 'मामंजीसंगं जाता का?' उभ्या मानेला विचार, 'इथंच राहता न?' मेलेल्या माणसाला मध्ये बोलायला जागाच ठेवायची न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती पदर खोचून कोठीशेजारी वकिलासारखी उभी राहू लागली. "जाता का?" शिवशंकर मिनिटभर नाही नाही. "राहता न?" मिनिटभर हो हो. सुनेचा आवाज असा की संतराम जिवंत असता तर तोही गप्प बसला असता.

पण मी मागं उभा होतो, आणि मला दिसलं.

"जाता का?" आशाबाईनं विचारलं. शिवशंकरची मान आडवी हलत होती, शंका नको. काचेत मात्र, संतरामच्या फेट्याखाली, एक पुसट मान उभी हलत होती. सावकाश. हो, हो, हो.

मोतीबिंदूला दोष दिला. दुसऱ्या दिवशी डोळे धुऊन आलो. तरी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पोरगा नाही म्हणायचा आणि काचेतून कुणीतरी त्याच्या वतीनं हो म्हणायचं. कुणाला सांगावं? आशाबाईला सांगितलं असतं तर तिनं कसरत बंद केली असती, आणि गडी तर आता एका पायावर उभा राहू लागला होता. बांधावरून चालू लागला होता. मी गप्प राहिलो. स्टँडवरच्या दिपकच्या हॉटेलात जाऊन एकटा बसे. तिथंही मनासारखं नाही. दिपक न मागता चहा आणून ठेवी, आणि वर म्हणे, "तुमीच तर हो म्हणले न, नाना." दीड-दोन वर्षं त्याचं हेच चाललं होतं. मी त्याला लबाड समजत होतो.

शेवटच्या भेटीआधी मॅडमनं घरच्या कसरतीचा व्हिडिओ मागवला. आशाबाईनं शिवशंकरच्या खांद्यामागून मोबाईल धरून काढला. हिंगोलीत मॅडमनं तो लावला. शिवशंकरची मान सरसर आडवी हलत होती, नजर 'ग'वर खिळलेली. "फारच छान," ती म्हणाली. मग तिनं व्हिडिओ थांबवला, मागं नेला, पुन्हा लावला.

"हे काचेत मान हलवणारं कोण आहे?"

आशाबाईला हुंदकाच फुटला. "मामंजी हायत, मॅडम. मला वाटलंच होतं. घेऊन चालले ह्यायला."

शिवशंकरनं खुर्चीचा हात घट्ट धरला. मी खाली बघत होतो. मॅडमनं बोटांनी चित्र मोठं केलं. फेट्याच्या रंगातून एक पांढरी टोपी वर आली, टोपीखाली खोल गेलेले डोळे, डोळ्यांखाली माझ्याच मिशा.

"आजोबा," ती हळू बोलली, "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हे कधीपासून आहे म्हणून. वयानं काहींची मान अशी हलते. ज्याची हलते त्याला कळतही नाही. तुम्ही यांच्यापेक्षा उंच, बरोबर मागं उभे, म्हणून तुमचा चेहरा फोटोतल्या चेहऱ्यावर आलाय. घाबरायचं काही नाही."

आशाबाई रडता रडता हसायला लागली. शिवशंकर तर इतका हसला की पूर्वीसारखा असता तर खुर्चीसकट फिरला असता. फिरला नाही. बरा झाला होता. "काका, तुमी भेव दावता व्हय आमाला!" म्हणत त्यानं माझी पाठ थोपटली.

मी पण हसलो. मान हलवली का, ते आता सांगता येत नाही.

येताना खिडकीपाशी बसून मी दिवस मोजले. सहा आठवडे. दिवसातून तीन वेळा. फोटोपुढं उभं राहून, संतरामच्या डोळ्याला डोळा लावून. शिवशंकरनं दर वेळी नाही म्हटलं होतं, चोख. आशाबाईनं त्याचा सवाल अडवून धरला होता. माझा कुणी अडवला नव्हता. आणि मान संतराम मेल्यापासून हलते, हे मीच तर माझ्या तोंडानं मॅडमला सांगून आलो होतो.

नंतर एकदा एकटाच जाऊन मी मॅडमकडं माझ्यासाठी ती आडवी कसरत मागितली. "आजोबा, ती याच्यावरची नाही," म्हणत तिनं नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली. चिठ्ठी खिशात आहे. शिवशंकरचा पुठ्ठा मात्र मी मागून आणला आणि माझ्या चुन्याच्या कोऱ्या भिंतीवर लावला. दिवसातून तीन वेळा पुढं उभा राहतो आणि नाही नाही करतो. मागं धरायला कुणी नाही. आडवी हलवता हलवता मान उभ्यावर कधी येते, कळत नाही. अक्षर काही जागेवर राहत नाही.

शिवशंकर आता पहाटेच शेतात जातो. बापाची खोड त्याला लागली. माझ्या दाराशी येऊन खाकरतो, विचारतो, "येता का, काका?" मला बरं वाटावं म्हणून. बहुतेक दिवशी तोच असतो.

गेल्या मंगळवारी तो हळद घेऊन वसमतला मुक्कामी होता. पहाटे दाराशी कुणी खाकरलं, 'येतोस का?' विचारलं, आणि पुढं 'काका' नव्हतं.

मी उठून बसलो, तोंड घट्ट मिटलं, आणि दोन्ही हातांनी हनुवटी धरून ठेवली, उजाडेपर्यंत.