मागचं डावं चाक

काल चढावर मिनीबस मागं घरंगळली, तेव्हा एक म्हातारी अर्धी दारात, अर्धी बाहेर होती. हँडब्रेक पार वर ओढलेला, तरी गाडी सरकली. असिलकाननं पायाचा ब्रेक दाबून धरला म्हणून म्हातारी वाचली. त्यामुळं आज नारीन शहराची फेरी संपवून आल्या आल्या, चहाचा घोटही न घेता, असिलकाननं अंगणात चाकांखाली दगड लावले आणि जॅक चढवला.

नवरा, जुमाबेक, दाराशी बाकड्यावर बसून बघत होता. इतकी वर्षं ही गाडी त्यानंच चालवली. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला, आणि तेव्हापासून त्याचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो. गाडी असिलकानकडं आली. "उन्हाळा सरला की हेच बसतील स्टिअरिंगवर," असं ती गावाला सांगत असते.

चाक उतरलं, त्यामागचा ब्रेकचा ड्रम निघाला. आतले ब्रेकचे शू झिजून गुळगुळीत झाले होते. ते काढून तिनं नवे लावायला घेतले.

"मागून खिळा घाल, स्प्रिंग दाब, तिच्यावरची वाटी फिरव," जुमाबेक म्हणाला.

"खिळा एका हातानं, वाटी दुसऱ्यानं. आणि शू कशानं धरू? मला हात दोनच आहेत."

"मला तर एकच आहे, बायबिचे, मालकीणबाई. बदलतेस का?"

ती हसली नाही. वरची स्प्रिंग ताणताना पक्कड निसटली आणि स्प्रिंग उडून गोवऱ्यांच्या ढिगात गेली. एकेक गोवरी उचलून ती शोधू लागली. भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "जेंगे, अगं वहिनी, गोवऱ्यांत अंडी शोधतेस का?"

"हो बाई. लोखंडाची कोंबडी पाळलीय."

स्प्रिंग सापडली. सगळं पुन्हा जुळवून तिनं ड्रम चढवला, भोकातून स्क्रू ड्रायव्हर घातला, तर दाते लागेचनात. शू ड्रमच्या जवळ-लांब करायची दातेरी चाकी उलट्या तोंडानं बसली होती. म्हणजे सगळं परत खोला.

"तुम्ही बघत होतात ना?"

"डोळ्यांवर ऊन होतं."

ती मातीत फतकल मारून बसली. रडायलासुद्धा अंगात त्राण हवं; तेही नव्हतं.

जुमाबेक काठी टेकत आला आणि कसाबसा तिच्याशेजारी खाली बसला. ड्रम पुन्हा उतरवून तिनं चाकी सुलटी केली. डाव्या हातानं त्यानं दोन्ही शू घट्ट दाबून धरले. मग सवयीनं उजवा हात पकडीकडं निघाला. जेमतेम वीतभर सरकला आणि बोटं मिटेनात. दोघांनीही ते पाहिलं.

"हा हात आता चालायचा नाही, असिलकान."

"डॉक्टर म्हणाले होते, शरदापर्यंत..."

"डॉक्टर तुझा चेहरा बघून बोलले. गावाला सांगायचं सोड आता. रोज कुणीतरी येऊन विचारतं, कधी बसताय स्टिअरिंगवर? मी थकलो उत्तरं देऊन."

तिनं पकडीनं स्प्रिंगचा आकडा धरून ओढला. या वेळी तो खुंटीवर बसला. ड्रम चढला, चाक चढलं, दाते लागले. चाक घासायला लागेपर्यंत चाकी फिरवून तिनं थोडी सैल सोडली. मग आत चढून हँडब्रेक ओढला, खाली उतरली आणि दोन्ही हातांनी चाकाशी झुंजली. चाक जागचं हललं नाही.

"धरला," ती म्हणाली.

"आणि माझ्या मापाची ती सीट पुढं घे. पाठीशी उशा कोंबून किती दिवस चालवणार? खाली खटका आहे."

"माहितीय मला खटका कुठंय."

हिवाळ्यापासून माहीत होता. तिनं तो दाबला. सीट करकरत पुढं आली. उशा तिनं बाकड्यावर टाकल्या.

"आता उजवं चाक," तो म्हणाला. "पण आधी मला उठव."

तिनं त्याच्या काखेत हात घातला खरा. पण उठवायच्या ऐवजी तीच त्याच्याशेजारी बसली, तेलकट हात तसेच मांडीवर ठेवून.

"बसू या जरा," ती म्हणाली.