सार्डीन नावाचं फोल्डर

शिल्लक जागा: २०० एमबी

तोंकाचा लॅपटॉप नऊ वर्षांचा होता आणि लग्नात गळ्याशी येईस्तोवर जेवलेल्या पाहुण्यासारखा धापा टाकत होता. वाढपी म्हणजे फ्राने. क्लापा म्हणजे वाद्यांशिवाय गाणारे बेटावरचे आठ गडी. तोंका त्यांची गुरू आणि फ्राने त्यांचा चित्रगुप्त. सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये तो दिसेल ते टाकायचा. होड्या, मासे भाजणं, नुसता वारासुद्धा. आणि ते आपोआप तोंकाच्या हार्ड डिस्कवर येऊन ठाण मांडायचं.

आज दुपारी बारापर्यंत स्प्लिट शहरातल्या गायनमेळ्याला एक गाणं पाठवायचं होतं. कुठलंही नाही, बार्बा बेपोच्या, म्हणजे बेपोकाकांच्या, खर्जाचं. मार्चमध्ये म्हातारा मुलीकडे पर्थला गेला, तो कायमचाच. त्याच्यासह आठही जण असलेलं चांगलं गाणं एकच होतं.

शिल्लक जागा: ९ जीबी

सकाळी आठला तोंकानं झाडू फिरवला. सगळ्यांत जाडजूड फोल्डर ‘सार्डीन’. मासेच असणार. उघडून न बघताच उडवलं आणि कॉफी प्यायली.

मग गाणं शोधायला बसली. नाही. कुठेच नाही. तिनं फ्रानेला फोन लावला.

“सार्डीनमध्ये आहे की,” फ्राने म्हणाला. “त्या दिवशी सार्डीनच खाल्ले नव्हते का?”

तालमींच्या तारखा फ्रानेला आठवत नसत, जेवणं आठवत. नाताळची गाणी ‘सुका कॉड’मध्ये होती. हे तोंकाला आता कळलं. सामायिक फोल्डरमधलं एकानं काढलं की सगळ्यांचंच जातं, हे मात्र आधीपासून ठाऊक होतं. सकाळी आठला आठवलं नाही, इतकंच. सामायिक कचरापेटीतून परत काढ, असं तिनं सांगितलं. त्यावर फ्रानेनं कबुली दिली. जागा संपत आल्याची सूचना आली होती म्हणून त्यानं नुकतीच कचरापेटीही रिकामी केली होती.

“वर्षभर लोळलो,” तो म्हणाला, “आणि दोघांना स्वच्छतेचा झटका आजच आला.”

शिल्लक जागा: बघतंय कोण

पर्थला दुपारचे सव्वातीन, बेपोची डुलकीची वेळ. तोंकानं घरच्या फोनची घंटा वाजत ठेवली.

“बार्बा, तुमचा लॅपटॉप?”

“दुपारच्या जेवणापासून मिटलाय. उघडू?”

“हात लावू नका.”

नेटशी जोडला की तिथलंही फोल्डर पुसलं जाईल, हे तिनं तीनदा समजावलं. आधी भिंतीवरच्या नेटच्या डब्याची वायर काढा.

“त्यावर जावई फुटबॉल बघतोय.”

“काढा म्हणते ना.”

लांबून एक पुरुषी हंबरडा ऐकू आला. वायर निघाली होती.

मग लॅपटॉप उघडला. सार्डीन होतं. त्याच्या लॅपटॉपवरही जागा बेताची, म्हणून बाकी सगळं ढगात, म्हणजे नेटवरच, राहू देऊन बेपोनं तेवढंच उतरवून ठेवलं होतं. तेवढंच का, असं तोंकानं विचारलं.

“जेवायला बसलो की लावतो. इथल्या मासळीला तुमच्याशिवाय चव नाही गं.”

तोंका म्हणाली, आता त्या फोल्डरची नक्कल बाहेर काढून ठेवा. नक्कल होईना. डिस्क भरलेली, जावयाच्या कांगारूंचे सहाशे फोटो.

“काढू? की त्याला विचारू?”

“बार्बा, तुम्ही क्लापात आहात की जावयाच्या पदरी?”

कांगारू गेले. नक्कल झाली. वायर परत लागली, पलीकडे आनंदाची आरोळी उठली. गोल झाला की नेट आलं, कळायला मार्ग नव्हता.

शिल्लक जागा: ४ जीबी

बेपोनं नक्कल सामायिक फोल्डरमध्ये टाकली आणि बाराला दहा मिनिटं असताना गाणं स्प्लिटला गेलं. मग तोंकानं होड्या, वारा, मासे सगळं ‘फक्त ढगात’ करून टाकलं. सार्डीनवर मात्र ‘कायम या यंत्रावर’ अशी खूण केली. फ्रानेला सांगून फोल्डरची नावं बदलायचं ठरवलं होतं, ते राहू दिलं.

शिल्लक जागा: २०० एमबी

रविवारी सामायिक फोल्डरमध्ये पर्थहून नवं फोल्डर उतरलं. नाव ‘जावयानं भाजलेली कोळंबी’. आत बेपो, ताट पुढ्यात घेऊन एकटाच खर्ज लावत होता आणि इतर सात जणांसाठी मध्ये मध्ये थांबत होता.

त्या संध्याकाळी सातही जण तोंकाच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपभोवती दाटीवाटीनं बसले आणि त्यानं सोडलेल्या जागा गाऊन भरू लागले. फ्राने फोन उंच धरून सगळं टिपत होता.