चाळण्याची किल्ली

आमच्या धाकटीचं ठरलेलं लग्न मुलाच्या मामाने मोडलं आणि मुलाने स्वतःच पुन्हा जुळवलं, त्या वर्षीची ही गोष्ट. जुळल्याची बातमी आली त्या दुपारी आमच्या खोलीतला पंखा बंद होता, खिडक्या लावलेल्या होत्या. नाकाला रुमाल बांधून बाई मायक्रोस्कोपवर वाकल्या होत्या आणि मी शेजारी श्वास धरून उभी होते.

"बाई, शिंक आली तर?"

"गिळ," बाई म्हणाल्या.

संग्रहालयातली ही किड्यांची खोली. बाई किड्यांना नावं देत. मी त्यांना कागदाच्या टोकावर डिंकाने चिकटवी आणि तो कागद टाचणीत अडकवी. खाली चिठ्ठी लागायची, म्हणून बाईंनी मला अक्षरं शिकवली. तोवर माझी थोरली अक्षरं शिकून विसरलीसुद्धा होती.

त्या दिवशी समोर होता तो भुंगेरा खसखशीच्या दाण्याहून लहान, मधाच्या रंगाचा. पंखांना पिसासारखी झालर. उघड्या डोळ्यांना नुसता कचरा.

तो आणला होता आमच्या ह्यांनी. हे संग्रहालयाचे जंगलातले माणूस. झाडाखालचा कुजका पाला चाळणीत घ्यायचा, खाली पांढरं फडकं पसरायचं आणि हलवत बसायचं, आयुष्य ह्यातच गेलं. सगळे त्यांना चाळण्याच म्हणत. पुढे पाल्याची धूळ छातीत बसली आणि डॉक्टरांनी जंगल बंद केलं. शेवटच्या खेपेच्या पाल्यातून हे भुंगेरे निघाले. माद्या पुष्कळ, नर एकच. आणि ज्या उतारावरचा तो पाला, तिथे आता रस्ता झाला होता. दुसरा नर आणायचा कुठून?

ह्या घराण्यातले भुंगेरे दिसायला सगळे भाऊ-भाऊ. नव्या जातीचा कुठला आणि जुन्या जातीचा कुठला, हे ठरतं नराच्या पोटातल्या एका टणक, वाकड्या तुकड्यावरून. कुलूप तशी किल्ली, तसा प्रत्येकाचा तुकडा वेगळा. आम्ही त्याला किल्लीच म्हणायचो. किल्ली गेली की भुंगेरा असून नसल्यासारखा, त्याला नाव देता येत नाही. बाईंना ह्याला नाव द्यायचंच होतं, आणि लवकर. का, ते त्या बोलल्या नाहीत. पण ह्यांच्या छातीचा फोटो डॉक्टरांनी आधी बाईंना दाखवला होता, मला नंतर.

"निघाली," बाई कुजबुजल्या. "अगं, निघाली! पुसटशी दिसतेय. ब्रश दे."

मी ग्लिसरीनमध्ये बुडवलेला ब्रश दिला. त्याला केस म्हणायला दोनच. बाईंनी तो खाली नेला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"आई! जुळलं! त्याने मामाला तोंडावर सांगितलं, लग्न माझं आहे की तुमचं!"

धाकटी. जिना पळत चढलेली, घामाने निथळत होती. घामाघूम माणूस खोलीत शिरल्यावर जे करतं तेच तिने केलं. पंख्याचं बटण दाबलं.

"पंखा!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

तिने झटकन बंद केला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. टेबलावरचे कागद खाली, बाईंचा रुमाल गळ्यात. बाईंनी पुन्हा भिंगाला डोळा लावला. बराच वेळ लावला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"काय नाही?" धाकटीने विचारलं. मी मायक्रोस्कोपकडे बोट दाखवलं. मग तिला कळलं आणि ती रडायलाच लागली. लग्न मोडलं तेव्हा रडली नव्हती एवढी.

"रडू नकोस, पाणी सांडेल," बाई म्हणाल्या. "कोणी पाऊल उचलू नका."

तोवर हे एकेक पायरी चढत दारात पोचले होते. आधी धाप, मग शब्द.

"काय सांडलं?"

"तुमच्या भुंगेऱ्याची किल्ली," मी म्हणाले.

"मग चाळू की."

आणि खरंच चाळली आम्ही ती खोली. ह्यांनी दारातच स्टूल घेतलं. पांढरं फडकं अंथरलं. मी गुडघ्यांवर बसून मऊ कुंचल्याने फरशीचा कण न् कण पुढे ढकलत होते, धाकटी टेबलाखाली, हे चाळत होते आणि फडक्यावरची चिमूट चिमूट धूळ बाई भिंगाखाली बघत होत्या. नाकाला रुमाल बांधा म्हटलं तर हे ऐकतील तर शपथ.

"हे काय निघालं?"

"डासाचा पाय."

"आणि हे?"

"तुमच्या बायकोने सांडलेला डिंक."

"बाबा, तुम्ही हसू नका हो, खोकला येईल," धाकटी टेबलाखालून म्हणाली.

"अगं, तुझ्या लग्नात ह्याच चाळणीने नवऱ्याच्या मामाला चाळतो. बघू काय निघतं."

उन्हं उतरली. धूळ संपत आली. बाईंचा चेहरा मात्र उतरत चालला. शेवटची चिमूट उचलायला त्यांनी हात पुढे केला.

"माझा ब्रश कुठाय?"

आता ब्रशही हरवला! मी कागदांखाली बघितलं, धाकटीने माझा पदर झटकला, त्यावरून तिला ओरडा बसला. हे मात्र चाळणी मांडीवर ठेवून बाईंकडे बघत होते.

"बाई, अंबाड्यात काय खोवलंय?"

बाईंना सवयच होती ती. दचकल्या की हातातलं असेल ते अंबाड्यात.

मी दोन्ही हातांनी ब्रश काढला. बाईंनी त्याचं टोक भिंगाखाली धरलं. आम्ही तिघं बघत होतो त्यांच्या पाठीकडे, आणि ती पाठ हळूहळू ताठ झाली.

"आहे," बाई म्हणाल्या. "चिकटलीय. इथेच होती, माझ्या डोक्यावर!" मग एकदम खुर्ची सरकवून उठल्या. कधी आवाज न चढवणाऱ्या बाई जिन्याखाली ऐकू जाईल अशा ओरडल्या, "नवा आहे! टोकाला दोन आकडे आहेत हिला, दोन! कुठल्याही पुस्तकात असली किल्ली नाही!"

धाकटीने त्यांना मिठी मारली. मी ब्रश वाचवला.

"नाव दादांचं," बाई ह्यांच्याकडे बघत म्हणाल्या.

"माझं कागदावरचं नाव कुणाला ठाऊक आहे?" हे म्हणाले. "चाळण्याच घाला. पण बाई, हत्ती दिला असतात तर दिसला तरी असता."

बाई संध्याकाळी उशिरापर्यंत थांबू लागल्या. किती लांब, किती रुंद, शिंगं कशी, पाय कसे, झालरीचे केस कसे, हे त्या सांगत, मी उतरवून घेई. चित्र त्यांनी स्वतः काढलं. ह्या जातीचा नमुना म्हणून कायम ठेवायच्या नराला लाल चिठ्ठी मी लावली. संशोधनाच्या मासिकात छापून आलं ते लग्नानंतर. बाई स्वतः अंक घेऊन घरी आल्या. ह्यांनी हात धुतले, पुसले आणि मग तो मांडीवर घेतला.

"वाच," मला म्हणाले.

मी अडखळत वाचलं. आधी घराण्याचं लांबलचक नाव, मग चाळण्या, त्याला लॅटिनचं शेपूट.

"आणि मागे हे काय?"

"बाईंचं आडनाव. नाव देणाऱ्याचं आडनाव मागे लावतात. कायमचं."

"म्हणजे मी पुढे, बाई मागे?"

"हो," बाई म्हणाल्या.

"जंगलातही तसंच होतं," हे म्हणाले. "पाय घसरायचा तुमचा, म्हणून मी पुढे."

बाईंनी किती जणांची नावं किड्यांना दिली. स्वतःचं नाव स्वतः ठेवत नाहीत, ती रीत नाही. त्या प्रत्येकाच्या मागे आहेत.

धाकटीला मुलगा झाला त्या थंडीत बाई वारल्या, किड्यांच्या खोलीतच, टेबलाशी बसल्या असताना. हे अजून आहेत.