मशीनच्या तोंडावरचं फडकं

आमच्या घरात माणसाच्या आधी मशीनची विचारपूस व्हायची. सासरे रोज सकाळी जिना चढून वर यायचे, खोलीच्या दाराशी थांबायचे आणि विचारायचे, "दिवा कुठला आहे?" मी म्हणायचे, "हिरवा." "मग झालं तर," असं म्हणून ते खाली कारखान्यात जायचे, आणि पलंगावर माझा नवरा खोकत राहायचा.

कारखाना म्हणजे आपलं म्हणायचं. खाली एक लांबट खोली आहे. लोक जुन्या खुर्च्या, टेबलं, कपाटं आणून टाकतात. त्यांचा जुना रंग घासून काढायचा आणि नवं पॉलिश चढवायचं. सासरे आणि नवरा, दोघांचंच काम. वर आम्ही राहतो. मध्ये एक लाकडी जिना आणि फळ्यांची जमीन. खाली घासायचं मशीन सुरू झालं की इथे वर, झाकण न ठेवलेल्या पाण्यावर पूड तरंगायला लागते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती पूड पुसते आहे. आज पुसा, उद्या आहेच. कुणी म्हणत नाही की बाई, जरा बस.

मग नवऱ्याच्या छातीनं हात टेकले. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि सरळ सांगितलं, ही लाकडाची आणि रंगाची धूळ आहे. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा. खालचं काम थांबवा, नाहीतर घर बदला. घर बदलायला आधी दुसरं घर असावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार? आणि काम थांबवायला नवरा तयार नव्हता. "मी खाली पाऊल टाकणार नाही," तो म्हणाला, "पण बाबांच्या हातातलं काम काढू नका. ते गेलं तर ते अंथरूण धरतील."

शेवटी तडजोड ठरली. खोली बंद ठेवायची, दाराखालच्या फटीत जुनं कापड कोंबायचं आणि हवा गाळणारं मशीन आत लावायचं. पुढच्या तपासणीत श्वास सुधारलेला दिसला तर कारखाना चालू. नाही दिसला तर कुलूप. दुखणं रेड्याला नि डाग पखालीला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलले नाही. बोलून बोलून मी दमले होते.

मशीन आलं आणि पहिल्याच दिवशी लाल झालं. हवा घाण असली की दिवा लाल, बरी असली की पिवळा, स्वच्छ असली की हिरवा. आणि लाल झालं की आतला पंखा असा घुमायचा की नवरा-बायकोला एका खोलीत ओरडून बोलावं लागायचं. सासरे बघायला आले. दिवा बघून त्यांचं तोंड उतरलं. जणू मशीन त्यांचंच नाव घेऊन ओरडत होतं. तसेच खाली गेले.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मशीनची जबाबदारी माझी. तू त्याला हात लावू नकोस, तुला आधीच कमी व्याप आहेत का?" आता घरातलं एक तरी काम कुणी आपणहून अंगावर घेत असेल, तर का आणि कशाला विचारायला मला काही वेड लागलं नव्हतं. ते हात धुऊन यायचे, आमच्याकडे पाठ करून मशीनमागे काहीतरी खुडबुड करायचे आणि जायचे. तेव्हापासून दिवा हिरवा. पंखासुद्धा मांजरासारखा गुरगुरायला लागला. नवरा म्हणाला, "बाबांच्या हाताला गुण आहे." मीही मान डोलावली.

पण खोकला काही हटेना. उलट वाढला. आधी जिना चढून आल्यावर लागायची ती धाप आता उशी नीट करतानाही लागायला लागली. भात कालवताना तो मध्येच थांबायचा आणि घास हातात धरून श्वासाची वाट बघत बसायचा. दिवा हिरवा आणि माणसाचे ओठ निळे. मी डॉक्टरीणबाईंवर चिडले, औषधांवर चिडले, नवऱ्यावरही चिडले, की खोली स्वच्छ आहे, मशीन चालू आहे, आता तुला आणखी काय हवंय? तो बिचारा म्हणाला, "मलाही तेच कळत नाहीये."

तपासणी तोंडावर आली होती. दुपारी तो झोपला असताना औषधाच्या बाटलीचं झाकण माझ्या हातून निसटलं आणि मशीनमागे घरंगळलं. म्हणून मी मशीन ओढलं. मागच्या बाजूला, जिथून ते हवा आत घेतं तिथे, जुन्या चादरीचं दुपदरी फडकं चढवलेलं. कडेनं इलॅस्टिक, हातशिलाईचे बारीक टाके. तान्ह्या मुलाचं टोपडं शिवावं इतकं नीटस. बाहेरून राखाडी झालेलं. काढून बघते तर आतली जाळी कोरी करकरीत. आणि शेजारची ती छोटी भोकं, ज्यांतून मशीन हवा हुंगतं आणि दिव्याचा रंग ठरवतं, तीही त्याच फडक्याखाली.

खाली घासणी चालू होती. फडकं निघाल्यावर दिवा जरा वेळ हिरवाच राहिला, मग पिवळा झाला, मग लाल, आणि पंखा भणाणला.

नवऱ्यानं डोळे उघडले. "काय झालं?"

"काही नाही. पुसतेय."

मी फडकं घेऊन खाली गेले. सासऱ्यांनी मला बघून घासायचं मशीन बंद केलं.

"हे काय आहे, बाबा?"

"जाळीवरचं फडकं," ते म्हणाले. आवाजात थोडा अभिमानच होता. "पॉलिशचा स्प्रे मारताना हवा बाहेर ओढणारा पंखा असतो, त्याला आपण बांधतो ना, तसंच. जाळी चोंदत नाही. मी रोज बदलतो, धुतो. बघ ना, जाळी कशी नव्यासारखी राहिलीय."

खोटं नव्हतं ते. या धंद्यात प्रत्येक जण पंख्याच्या तोंडावर फडकं बांधतो. न बांधणाऱ्याला लोक आळशी म्हणतात. पण स्प्रेचा पंखा हुंगत नाही.

"तुम्ही त्याचं नाकच बांधलंत," मी म्हणाले. "त्याला घाण कळेना, म्हणून ते झोपा काढत बसलं. तुमची जाळी नवी राहिली बाबा, आणि तुमचा मुलगा..." माझ्याजवळ बोलायला खूप होतं. वर्षानुवर्षांचं साठलेलं होतं. पण ते राहूनच गेलं.

ते अर्धवट घासलेल्या खुर्चीवर बसले. "पण दिवा हिरवा होता," असं दोनदा म्हणाले. "हिरवा आहे म्हणूनच मी निर्धास्त घासत होतो गं."

मग उठले आणि माझ्याआधी वर गेले. खाली सगळं थांबलं होतं. आम्ही दोघं दिव्याकडे बघत बसलो. बऱ्याच वेळानं तो पिवळा झाला आणि आणखी बऱ्याच वेळानं हिरवा, खराखुरा हिरवा. सासरे खाली गेले. घासायचं मशीन सुरू झालं. थोडा वेळ ते चालू दिलं आणि तसंच ठेवून ते धापा टाकत वर आले. दिवा लाल. परत खाली जाऊन बंद केलं, परत वर. या वयात त्या जिन्यावर त्यांची ती ये-जा बघवत नव्हती.

"बाबा, काय चाललंय?" नवऱ्यानं विचारलं.

"मशीन बरोबर सांगतंय का ते बघतोय."

जिन्यात मी त्यांना गाठलं. मघाशी एवढी भडकले होते, पण आता त्यांच्याकडे बघून मलाच वाईट वाटायला लागलं. म्हटलं, "तपासणीला थोडे दिवस आहेत. आता फडक्याशिवाय चालवून बघू. पडेल फरक."

"आत्ता बघितलं की," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून आवाज आला नाही. उन्हं वर आली तेव्हा पलीकडच्या गल्लीतला सुतार गाडी घेऊन आला आणि सासऱ्यांनी एकेक खुर्ची, एकेक टेबल स्वतः उचलून दिलं. घासायचं मशीनही दिलं. नवरा खिडकीतून बघत होता. सासरे वर आल्यावर म्हणाला, "मला विचारलं नाहीत."

"तू काय म्हणाला असतास ते माहीत होतं."

नवरा भिंतीकडे तोंड करून पडला. रागावलाच होता. रागावल्या रागावल्या त्याला झोप लागली, आणि दुपारभर तो झोपला. मध्ये एकदाही खोकला नाही. मी आतबाहेर करत होते आणि प्रत्येक वेळी थांबून कान देत होते. त्याचा नुसता श्वास ऐकल्याला किती काळ झाला होता.

सासरे स्टुलावर बसून होते, धुतलेला सदरा घालून, रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून. मला वाटलं, त्यांना मशीनची, खुर्च्यांची आठवण येत असेल. पण ते मुलाकडे बघत होते.

"याचा पाळणा इथेच होता," ते हळूच म्हणाले. "जिन्याच्या तोंडाशी. फार रडका होता. काही केल्या झोपायचा नाही. मग याची आई वरून हाक मारायची आणि मी खाली मशीन सुरू करायचो. त्या आवाजानं लगेच डोळे मिटायचा."

तुमच्या या धुळीतच तो तान्हेपणापासून वाढला, हेच मी त्यांना सुनावणार होते, तोंडावर. महिनाभर मनात घोळवत होते. आता त्यांनीच ते म्हटलं, आणि माझ्यानं ऐकवेना. "तेव्हा कुणाला ठाऊक होतं, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही.

"काम नसलं तरी सुरू करायचो," ते म्हणाले. "तो झोपावा म्हणून."