एलायजा सोडून सगळ्यांनी मला वाचलं

मी एक कादंबरी. दोनशे ऐंशी पानांची, निळ्या कव्हराची, प्रेमाची.

माझा जन्म उत्तर ऑन्टारिओतल्या एका छोट्या विमानतळावर झाला. आमचं ओजी-क्री आदिवासींचं गाव, बाहेरून रस्ता नाही. पीठ, औषधं, पाहुणे, सगळं विमानानंच येतं. वेरना काकेपेटम तिथं वैमानिकांशी बोलायला वायरलेसवर बसते. दोन विमानांच्या मधल्या वेळात तिनं मला लिहिलं.

एका प्रकाशकानं कळवलं, "यात पिसांचे मुकुट नाहीत, दुःखही कमीच. नुसतेच दोन आदिवासी नोकरी करतात आणि प्रेमात पडतात?"

"मग आम्ही दिवसभर करतो काय, असं वाटतं ह्याला?" वेरना फणकारली. दुसऱ्या प्रकाशकानं मला छापलं.

माझा नायक विमानातलं सामान उतरवतो, चहात मीठ घालतो आणि जड खोकी उचलताना चर्चमधली भजनं गुणगुणतो. गावात असा माणूस एकच. वेरनासोबत सात वर्षं काम करणारा एलायजा. साऱ्या गावानं त्याला ओळखलं. त्याला स्वतःलाच पत्ता नव्हता, कारण तो पुस्तकाला हात लावत नसे. बायका मला वाचून विमानतळावर यायच्या, त्याच्याकडे बघून फिसकन हसायच्या. तो बिचारा शर्टाची बटणं तपासायचा.

मग मार्चमध्ये त्याला दूर थंडर बे शहरात नोकरी लागली. शुक्रवारी निघायचं ठरलं. वेरनानं हसून अभिनंदन केलं आणि एकाच कपात तीनदा साखर घातली.

बुधवारी एलायजाच्या आजीनं, ॲग्नेसनं, मला त्याच्या हातात कोंबलं.

"आजी, मला सामान भरायचंय."

"मेल्या, आधी हे वाच. मग भर काय भरायचं ते."

दोन दिवस तो ओळीवर बोट ठेवून वाचत होता. बोट मध्येच थबकायचं. शुक्रवारी सकाळी त्यानं मला वेरनाच्या टेबलावर ठेवलं. बाहेर त्याची बॅग विमानात चढली होती.

"तुझा नायक चहात मीठ घालतो."

"घालतात बरेच जण," वेरना नकाशात डोकं खुपसून म्हणाली.

"गाढव आहे. दोनशे पानं झाली, तरी तिच्या मनातलं कळत नाही त्याला."

"काहींना सात वर्षं लागतात."

एलायजा कानापर्यंत लाल झाला. "शेवटचं प्रकरण वाचायचा धीर नाही झाला. तो जातो की राहतो?"

"त्याचं मी ठरवलं. तुझं तू ठरव."

तो धावतच बाहेर गेला. वैमानिक ओरडला, "अरे, निघतोय आपण!" एलायजानं आयुष्यभर लोकांचं सामान उतरवलं होतं, त्या दिवशी स्वतःचं उतरवलं. वेरना रडत होती, हसत होती, आणि विमानाला उड्डाणाची परवानगी द्यायची राहून गेली होती.

आता मी प्रतीक्षागृहातल्या बाकावर असते. पानांवर तेलकट बोटांचे डाग आहेत, शिवण उसवलीय. विमान लांबलं तर मला जरूर उचला, वाचकहो. फक्त मोठ्यानं वाचू नका. पलीकडच्या खोलीत ती दोघं कामावर आहेत, आणि तो अजूनही लाजतो.